नदी उलटी फिरवणारं सरकार : शिकागोच्या सॅनिटरी डिस्ट्रिक्टची गोष्ट

सुरुवातीलाच एक साधा प्रश्न. तुमच्या बाथरूममधून वाहून गेलेलं पाणी पुढे कुठे जातं? आणि ते कुठे जाणार, हे कोण ठरवतं? आजचा एपिसोड याच प्रश्नाचा आहे. त्यासाठी आपल्याला जायचंय अमेरिकेत, शिकागोला.

शिकागो वसलंय मिशिगन सरोवराच्या काठावर. हे सरोवर इतकं मोठं की पलीकडचा काठ दिसत नाही. १८३७ साली शिकागोला शहराचा दर्जा मिळाला, तेव्हा लोकसंख्या होती चारेक हजार. १८९० मध्ये ती दहा लाखांच्या वर गेली. आता या माणसांचा मैला कुठे जायचा? शिकागो नदीत. कत्तलखान्यांचं रक्त, आतडी? तीही नदीतच. नदी जाऊन मिळायची सरोवराला. आणि पिण्याचं पाणी यायचं त्याच सरोवरातून! १८६७ साली सरोवराखालून दोन मैलांचा बोगदा काढून जरा आतलं पाणी आणलं. पण मुसळधार पाऊस झाला की घाण तिथवर पोचायची भीती असायचीच.

इथे एक गैरसमज दूर करू. १८८५ च्या मोठ्या पावसानंतर शिकागोत कॉलऱ्याने ९० हजार माणसं मेली, असं तुम्ही कुठेतरी वाचाल. तसं काही घडलेलं नाही. पाऊस खरा, साथ खोटी. पण टायफॉइड मात्र खराच होता. १८९१ साली तर त्याने दर लाखामागे १७० हून जास्त माणसं नेली.

उपाय इंजिनिअर लोकांना दिसत होता. शिकागो नदी आणि पश्चिमेकडची डेस प्लेन्स नदी यांच्यात फक्त एक बुटका उंचवटा आहे. तो खोल कापून कालवा काढायचा, म्हणजे नदीच उलटी वाहील. घाण सरोवरात न जाता डेस प्लेन्स, मग इलिनॉय नदी आणि शेवटी मिसिसिपीत जाईल.

पण हे करणार कोण? अडचणी दोन होत्या. पहिली हद्दीची. नदी आणि तिच्यात येणारी घाण एकट्या शिकागोची नव्हती. आजूबाजूच्या गावांचीही होती, आणि कालवाही हद्दीबाहेर जाणार होता. दुसरी पैशाची. इलिनॉय राज्याच्या १८७० च्या संविधानानुसार शहराला करपात्र मालमत्तेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त कर्ज काढता येत नव्हतं.

मग एक युक्ती निघाली: नवं सरकारच तयार करायचं! १८८९ साली राज्याने कायदा केला आणि 'सॅनिटरी डिस्ट्रिक्ट ऑफ शिकागो' जन्माला आलं. इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे हं. एकाच कामासाठी नेमलेलं वेगळं स्थानिक सरकार. स्वतःची हद्द, स्वतःचा कर, स्वतःचं कर्ज आणि लोकांनी निवडून दिलेले नऊ विश्वस्त. शाळा नाहीत. काम एकच, सांडपाणी. यासाठी मतदान झालं तेव्हा बाजूने ७०,९५८ मतं पडली, विरोधात फक्त २४२!

१८९२ मध्ये खोदाई सुरू झाली. ४५ किलोमीटर लांबीचा कालवा, बराचसा खडक फोडून. इथे शिकलेली खोदाईची तंत्रं पुढे पनामा कालव्यावर कामी आली. २ जानेवारी १९०० रोजी गाजावाजा न करता पाणी सोडलं, आणि नदी उलटी वाहू लागली.

गाजावाजा का नाही? कारण खालच्या अंगाला मिसूरी राज्य होतं. त्यातलं सेंट लुइस शहर मिसिसिपीचं पाणी पीत होतं. शिकागोची घाण आमच्याकडे का, म्हणून मिसूरी स्टे आणेल ही धास्ती होती. त्याच महिन्यात मिसूरीने सुप्रीम कोर्ट गाठलंही. निकाल लागला १९०६ मध्ये, मिसूरीच्या विरोधात. सेंट लुइसचा टायफॉइड शिकागोच्याच घाणीमुळे होतो हे सिद्ध झालं नाही, आणि मिसूरीची स्वतःची गावंही नदीत घाण सोडतच होती, असं कोर्टाचं म्हणणं.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. गावागावांच्या हद्दी ओलांडण्यासाठी ही संस्था बनवली, आणि तिने ते करून दाखवलं. शिकागोतला टायफॉइड कमी झाला. पुढे पाण्यात क्लोरीन घालू लागल्यावर तो आणखी घटला. पण या संस्थेलाही एक हद्द होतीच. त्या ७०,९५८ मतांमध्ये कालव्याच्या खालच्या गावांचं एकही मत नव्हतं. घाण स्वच्छ झाली नव्हती, फक्त पत्ता बदलला होता.

ती स्वच्छ करायला भाग पाडलं ते दुसऱ्याच भांडणाने. घाण पातळ करायला शिकागो सरोवराचं भरमसाट पाणी कालव्यात ओढायचं. सरोवराकाठची इतर राज्यं कोर्टात गेली. १९३० मध्ये सुप्रीम कोर्टाने हे पाणी टप्प्याटप्प्याने कमी करायचा आदेश दिला. आता सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे प्रकल्प उभारण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

ती संस्था आजही आहे, फक्त नाव बदललंय. शिकागो आणि १२८ उपनगरांचं सांडपाणी ती सांभाळते. लोक आजही तिचे नऊ आयुक्त मत देऊन निवडतात. अमेरिकेत अशी ३८ हजारांहून जास्त स्पेशल डिस्ट्रिक्ट आहेत: कुठे पाण्यासाठी, कुठे आग विझवण्यासाठी, कुठे चक्क डासांसाठी! नगरपालिकांपेक्षा त्यांची संख्या जास्त आहे.

एका कामाला एक संस्था दिली की काम होतं, हे शिकागोने दाखवलं. पण अशी संस्था दिसली की तीन गोष्टी विचारायच्या. पैसे कोण भरतं? तिथली माणसं कोण निवडतं? आणि तिच्या हद्दीबाहेर, खालच्या अंगाला कोण राहतं? तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, तो तुमच्या शहरासाठी विचारून बघा. उत्तर मिळालं तर कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!