वऱ्हाडातील मत, पैसा आणि छापखाना

वऱ्हाडच्या इतिहासात पैशाची गोष्ट काढली की कापसापाशी जावेच लागते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि अमरावती-अकोल्याच्या बाजारांत पैशाचा पूर लोटला. त्याच पैशावर पुढे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उठले, वकिलांचे वाडे उठले, आणि छापखानेही उठले. 1897 च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले, त्याच्यामागेही ही सुबत्ता होती.

परंतु मत? 1919 च्या सुधारणा कायद्यान्वये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कौन्सिलसाठी निवडणुका झाल्या, तेव्हा मताचा हक्क मुख्यत्वे सारा नि कर भरणाऱ्यांनाच होता. मजुराला मत नव्हते, कुळालाही बहुधा नव्हते. पैशाने मत विकत घ्यावे अशी वेळच येत नसे. पैसा स्वतःच मतपेटीपाशी येऊन उभा राहत असे. आणखी एक गंमत सांगतो. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे. 1902 पासून वर्षाला पंचवीस लाख रुपये खंड ठरवून ते इंग्रजांनी कायमचे आपल्याकडे ठेवलेले. म्हणून वऱ्हाडात निवडून आलेला गृहस्थ कायद्याच्या दृष्टीने निवडून आलेला नसेच! गव्हर्नराने त्याला 'नेमावे' लागे.

अशा मोजक्या मतदारांपुढे वर्तमानपत्राचे वजन किती असेल, हे 1925 साली दिसले. अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे हे स्वराज्य पक्षाचे, कौन्सिलचे अध्यक्ष. कौन्सिलात शिरून सरकारची अडवणूक करायची, अधिकारपद घ्यायचे नाही, ही पक्षाची प्रतिज्ञा. आणि तांब्यांनी गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळातील जागा पत्करली! मोतीलाल नेहरू खवळले. इकडे नरसिंह चिंतामण केळकरांनी मात्र प्रतियोगी सहकारितेची बाजू उचलून धरली, आणि त्यांच्या हाती 'केसरी' होता. पक्ष फुटला तो लेखण्यांच्या रणधुमाळीत. तांबे चूक की बरोबर हा वाद मी येथे उकरत नाही. सांगायचे एवढेच, की केसरीकार कोणत्या बाजूचे, हे वाचकाला पहिल्या ओळीपासून ठाऊक होते. अकोल्यास ब्रिजलाल बियाणींचे 'मातृभूमि' निघे, तेही तसेच. बियाणी काँग्रेसचे पुढारी, आणि पत्र त्यांचे. त्यात लपवाछपवी कसली?

1957 साली तर छापखान्याची ताकद आणि तिची हद्द, दोन्ही एकदम दिसली. अत्र्यांच्या 'मराठा'ने आणि संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई-पुण्याकडे काँग्रेसला घाम फोडला. पण विदर्भाने काँग्रेसला हात दिला. मुंबईची शाई वऱ्हाडच्या काळ्या मातीत तितकीशी मुरली नाही.

आणि पैशाची हद्द? ती 1989 साली अमरावतीने दाखवली. ऊषाताई चौधरी या दोनदा निवडून आलेल्या काँग्रेसच्या खासदार. त्यांच्यासमोर कम्युनिस्ट पक्षाचे सुदामकाका देशमुख. पक्ष लहान, पाठीशी कारखानदार नाही की सावकार नाही. बोफोर्सच्या गदारोळाने देशभर हवा पालटली होती हे खरे. तरी त्या हवेत अमरावतीने लाल बावटा दिल्लीस धाडावा, याचे नवल आमच्या घरी कित्येक दिवस पुरले. 1991 साली ती जागा प्रतिभाताई पाटलांनी काँग्रेसकडे परत आणली, ही गोष्ट वेगळी.

2009 च्या विधानसभा निवडणुकीत मी वर्गात व्याकरण शिकवीत होतो. मुलांना चुका शोधण्यासाठी दोन निरनिराळ्या दैनिकांतील बातम्या दिल्या. एका उमेदवाराच्या स्तुतीचा मजकूर दोन्हीकडे, आणि विभक्तीची चूकही दोन्हीकडे तीच! मुले हसली. मला काही हसू आले नाही.

पुढे पी. साईनाथ यांनी 'हिंदू'त उघड केले, की पैनगंगेपलीकडच्या नांदेडचे, तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावर तीन मराठी दैनिकांत शब्दशः एकच लेख छापला गेला होता. वर्तमानपत्रांतील जाहिरातींचा त्यांनी दाखवलेला खर्च होता 5,379 रुपये. 2014 च्या जुलैत निवडणूक आयोगाने हिशेब नीट नसल्याचा ठपका ठेवला. सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. प्रेस कौन्सिलच्या दोघा सदस्यांच्या समितीने 2010 साली 'पेड न्यूज'वर नावानिशी अहवाल लिहिला होता. तो अहवाल संपूर्ण स्वरूपात बाहेर यायला माहिती आयोगाचा हुकूम लागला आणि 2011 साल उजाडले. वर्तमानपत्रांविषयीचा अहवाल, आणि तोच दडवलेला! केसरीकारांचा पक्ष वाचकाला माहीत होता. येथे बातमीची किंमत तेवढी झाकलेली होती.

देणग्यांचेही तेच झाले. 2018 पासून निवडणूक रोख्यांनी देणाऱ्याचे नाव मतदारापासून लपवले. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली, आणि 14 मार्चला निवडणूक आयोगाने याद्या प्रसिद्ध केल्या. कोणी कोणाला किती दिले, याचा मेळ त्यानंतरच्या आठवड्यात लागला. लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 95 लाख रुपयांची; पक्षाला मर्यादाच नाही. 26 एप्रिलला अमरावती नि अकोला, दोन्हीकडे मतदान झाले.