लांबलेली यादी

शाळेच्या जनरल रजिस्टरात क्रमांक माहीत असेल तर मुलाची नोंद चटकन सापडते. नुसते नाव ठाऊक असेल तर पाने उलटत बसावे लागते. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा आरंभ केला. तिच्यात खातेदारांची यादी दरवेळी अशीच पाने उलटत वाचली जाई.

ही यादी म्हणजे साध्या मजकुराची फाइल. प्रत्येक खातेदाराला एक ओळ. तीत त्याचे नाव, क्रमांक वगैरे. डिस्कवर मात्र फाइलीच्या मालकाचा फक्त क्रमांक नोंदलेला असतो. नाव दाखवायचे झाले की यादी पहिल्या ओळीपासून वाचायची. पंचवीस खातेदार असताना यात कोणाचेच काही अडत नव्हते.

विद्यापीठांत खाती वाढली तेव्हा अडचण दिसू लागली. समजा, यादीत १०,००० ओळी आहेत आणि एका ठिकाणी वेगवेगळ्या मालकांच्या ५०० फाइली आहेत. प्रत्येक नावासाठी सरासरी निम्मी यादी वाचावी लागली, तर एकूण २५ लाख ओळी होतात! तेही नुसती मालकांची नावे दाखवण्यासाठी.

यावर १९८६ च्या ४.३ बीएसडी या बर्कलेच्या आवृत्तीने सूची जोडली. नावावर किंवा क्रमांकावर ठराविक आकडेमोड करून नोंदीची जागा काढायची, म्हणजे यादी कितीही वाढली तरी शोधाला जवळजवळ तेवढाच वेळ. पण आता एकाच माहितीच्या दोन प्रती झाल्या. मूळ फाइल बदलून सूची नव्याने केली नाही, तर नवा खातेदार दाराबाहेरच!

गटांची अडचण मला अधिक बोधप्रद वाटते. गटाच्या ओळीत सभासदांची नावे असतात. एखादा खातेदार कोणकोणत्या गटांत आहे, हे कळायला सगळ्या ओळी शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, आणि हे प्रत्येक लॉगिनला. गटाच्या नावाने केलेली सूची येथे निरुपयोगी. सन कंपनीच्या १९८५ च्या ‘यलो पेजेस’ या सामाईक यादीसेवेत (ब्रिटिश टेलिकॉमच्या व्यापारचिन्हामुळे पुढे तिचे नाव ‘एनआयएस’ झाले) यासाठी उलटी यादीच पुरवली गेली: खातेदारापुढे त्याचे सगळे गट.

लिनक्समध्ये ती साधी फाइल अजून आहे. मोठ्या संस्थांत हजारो खाती मध्यवर्ती सेवेत असतात. व्यवस्थापकाचे खाते मात्र स्थानिक फाइलीत ठेवतात, म्हणजे जाळे बंद पडले तरी त्याला आत जाता येते.