पळसदरीनंतर काय?

कर्जतहून निघालेला लोहमार्ग पळसदरीपाशी दुभंगतो. एक फाटा केळवली, डोळवली, लौजी करीत खोपोलीस जातो, दुसरा घाट चढून खंडाळ्याकडे. ‘पळसदरी’नंतर कोणते नाव येईल हे त्यामुळे निश्चित सांगता येत नाही, संभव तेवढा सांगता येतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना पुढचा शब्द पुरवणाऱ्या साधनांचा इतिहास आम्हांला याच फाट्यावरून पाहावासा वाटतो.

प्रारंभी यंत्र पुरवीत होते ती केवळ आठवण. १९७० च्या सुमाराच्या टेनेक्स प्रणालीत आज्ञेची आद्याक्षरे टंकून एस्केप कळ दाबली की उरलेली आज्ञा पुरी होई. ईमॅक्स या संपादकाने पुढे लिहिणाऱ्याच्याच मजकुरातून शब्द उचलले. वर एकदा ‘पळसदरी’ आले असेल तर खाली ‘पळ’ पुरे. (कारकुनी काटकसरच ही!) १९९६ साली मायक्रोसॉफ्टने इंटेलिसेन्स आणले आणि आठवणीच्या जागी व्याकरण आले: एखाद्या नावापुढे बिंदू दिला की त्याला व्याकरणतः जे जोडता येते, तेवढ्याचीच यादी समोर. २००६ च्या विम ७.० मध्येही अशी सोय झाली. यादी यंत्राची, निवड मात्र लिहिणाऱ्याची.

साहित्याच्या अभ्यासकाने थबकावे ते २०१२ पाशी. अब्राम हिंडल, प्रेमकुमार देवनबु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वर्षी दाखवून दिले की, माणसांनी लिहिलेले प्रोग्राम इंग्रजी गद्याहूनही अधिक पुनरुक्त असतात. म्हणून मागच्या शब्दांवरून पुढचा शब्द संख्याशास्त्राने ताडता येतो. भाषेची शक्यता अफाट, वापर मात्र रुळलेला! शैलीविज्ञान शिकवणाऱ्यांना हे नवे नाही. २०२१ साली गिटहब व ओपनएआय यांचे कोपायलट आले, ते याच ताडण्याच्या बळावर. ते शब्दावर थांबत नाही; करड्या अक्षरांत ओळींमागून ओळी मांडते. साठ्यात पळसदरीमागून खंडाळाच वारंवार आला असेल, तर केळवलीला निघालेल्यापुढेही बहुधा खंडाळाच येईल. ते व्याकरणदृष्ट्या चूक नसेल, म्हणूनच नजरेतून सुटेल.

मोडी पत्रांतला मायना असाच रूढीने पुरा होई. ‘विज्ञापना ऐसी जे’ लिहिताना लेखनिकाला विचार करावा लागत नसे. नंतर मजकूर येई, आणि तो ज्याचा त्याला सांगावा लागे. कोपायलट मजकूरही मायन्याच्याच चालीने पुरवते. करड्या अक्षरांतील ओळ टॅब कळ दाबून स्वीकारली की काळी होते. मग ती कुणी योजली आणि कुणी नुसती मान्य केली, हे पानावरून ओळखता येत नाही.