मुंबईचें सेंट थॉमस देवालय आणि खानदेशचा कापूस

देवाचें घर वाढवावयाचें ठरलें म्हणजे भोवतालच्या माणसांच्या घरांचीही चौकशी सुरू होते. जागा कोणाची, पैसा कोणाचा, आंत येणार किती जण, आणि जे कधींच आंत येणार नाहींत त्यांनीं किती सोसावयाचें, हे प्रश्न हिंदूंच्या देवळाला, मुसलमानांच्या मशिदीला व ख्रिस्ती लोकांच्या चर्चला सारखेच लागू आहेत. मुंबईच्या कोटांतील सेंट थॉमसच्या देवालयानें हे प्रश्न सुमारें दोनशें वर्षांत तीनदां सोसले. पहिल्या खेपेस त्याच्या भिंती अर्ध्यावर राहिल्या, दुसऱ्या खेपेस तें उभें राहिलें, आणि तिसऱ्या खेपेस तें वाढतां वाढतां मध्येंच थांबलें. ही हकीकत फैजपुरांत बसून लिहिण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. तर या देवालयाच्या जन्मकाळीं व वाढीच्या काळींही खानदेशच्या सुताचा एक धागा त्यांत गुंतलेला आम्हांस दिसतो. तो मुंबईच्या ग्रंथकारांनीं फारसा उलगडलेला नाहीं.

सन 1669 पासून 1677 पर्यंत सुरतेची व मुंबईची सत्ता जेराल्ड आँजियर याच्या हातीं होती. मुंबई ही त्या वेळीं ओसाड व रोगट बेटांची एक ओळ होती. तेथें आलेला इंग्रज दोन पावसाळ्यांपलीकडे टिकत नाहीं, असें तेथील लोक म्हणत, आणि त्याच शतकाच्या अखेरीस तेथें आलेल्या ओव्हिंग्टन नांवाच्या पाद्र्यानें तें नमूदही करून ठेविलें आहे. आँजियर मात्र मोठ्या दमाचा मनुष्य होता. त्यानें न्यायकचेऱ्या घातल्या, जातीजातींच्या पंचायतींना मान्यता दिली, बनिया, पारशी, आर्मेनियन इत्यादि व्यापाऱ्यांना बोलावून वसविलें. आणि त्याच्याच कारकीर्दींत, 1674 सालीं, आमच्या धरणगांवीं इंग्रजांची वखार निघाली. धरणगांवचें सुती कापड सुरतेच्या मार्गानें जहाजावर चढे. पुढच्याच वर्षीं मराठ्यांनीं ती वखार लुटली व 1679 मध्यें पुन्हा लुटली. अशा धामधुमींत त्यानें 1676 सालीं मुंबईस एका चर्चचा पाया घातला. योजना केवढी, तर हजार माणसें मावतील एवढी!

या हजाराच्या आंकड्यावर आम्ही अंमळ थांबतों. कंपनीच्या इंग्रज नोकरांची व शिपायांची सगळी वस्ती देवळांत कोंबली असती तरी तें भरलें नसतें. आँजियरला हें कळत नव्हतें असें नाहीं. त्यानें शहरच मुळीं भविष्यकाळासाठीं आंखलें होतें, आणि देवळाचें मापही त्याच हिशेबानें घेतलें. येणाऱ्या पिढीच्या मापानें अंगरखा शिवण्यासारखाच हा प्रकार होय. दैव असें, कीं वर्षभरांत, 1677 च्या जूनमध्यें, तो सुरतेस मरण पावला. भिंती पंधरा फूट चढल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. नंतर केग्विनचें बंड झालें. पुढें जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाचा वेढा पडला. गोळा झालेला पैसा सर जॉन चाइल्ड यानें आपल्या घशांत घातला, असा आरोप अलेक्झांडर हॅमिल्टन या दर्यावर्दी व्यापाऱ्यानें केला आहे. हॅमिल्टनचें व कंपनीच्या अधिकाऱ्यांचें वैर प्रसिद्ध असल्यामुळें त्याचा शब्द आम्ही तोलूनच घेतों. परंतु पैसा होता आणि देऊळ झालें नाहीं, एवढें खरें. सुमारें चाळीस वर्षें त्या उघड्या भिंती उभ्या होत्या, आणि इंग्रजांची प्रार्थना किल्ल्यांतल्या एका दालनांत चाले.

सन 1714 मध्यें रिचर्ड कॉब हा तरुण पाद्री मुंबईस आला. व्यापारांत लाखांची उलाढाल करणाऱ्या लोकांना चाळीस वर्षांत देवाला छप्पर घालतां येऊं नये, याची त्याला लाज वाटली व ती त्यानें व्यासपीठावरून बोलून दाखविली. वर्गणीची यादी फिरली, आणि जुन्या पायावर काम पुन्हा सुरू झालें. सन 1718 च्या नाताळच्या दिवशीं देवालय उघडलें. कॉबनें उतारवयांत या कामाची हकीकत लिहिली व ती 1766 मध्यें लंडनला छापली. तींत त्या दिवसाचें वर्णन आहे, आणि त्या वर्णनांत एक मराठी वाचकानें थबकावें अशी जागा आहे. रामजी नांवाचा एक हिंदु गृहस्थ आपल्या सगळ्या जातभाईंसह आला होता, आणि प्रार्थनेची शिस्त पाहून त्या मंडळींना इतकें समाधान वाटलें, कीं सगळा विधि संपेपर्यंत तीं उभींच राहिलीं, असें कॉब सांगतो.

हा रामजी म्हणजे रामा कामाठी, मुंबईंतील त्या वेळचा बडा शेणवी असामी. कंपनीच्या भंडारी शिपायांचा तो पुढारी होता, आणि पोर्तुगीजांच्या अमलांत नष्ट झालेलें वाळकेश्वराचें देऊळ 1715 च्या सुमारास त्यानेंच पुन्हा बांधविलें. म्हणजे मुंबईच्या एका टोंकाला कॉब आपलें देवालय पुरें करण्याच्या खटपटींत असतांना दुसऱ्या टोंकाला रामा कामाठी आपलें देऊळ उभारून मोकळा झाला होता. देऊळ बांधणें ही काय यातायात असते हें जाणणारा मनुष्य दुसऱ्याच्या वास्तुशांतीला गेला, असा याचा अर्थ आम्ही करतों. कॉबला त्यांत धर्मप्रसाराची आशा दिसली असेल. आम्हांस त्यांत शेजारधर्म दिसतो.

परंतु त्या शेजारधर्माचें फळ काय मिळालें? त्याच 1718 सालीं गव्हर्नर बून यानें कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर स्वारी केली होती, आणि ती फसली होती. अपयशाला धनी लागतोच. रामा कामाठीचा कान्होजींशीं गुप्त पत्रव्यवहार आहे असा बोभाटा झाला, 1720 मध्यें त्याच्यावर खटला चालला, त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि 1728 मध्यें तो तुरुंगांतच मेला. ज्या पत्रांवर खटला उभारला होता तीं बनावट होतीं, असें पुढें उघड झालें. कॉबलाही कौन्सिलाशीं बिनसून थोड्याच काळांत मुंबई सोडावी लागली. ज्यानें देवालय पुरें केलें व जो त्याच्या दाराशीं आदरानें उभा राहिला, ते दोघेही दोन वर्षांच्या आंत त्याच राज्यकर्त्यांच्या रोषाला पात्र झाले. सेंट थॉमसच्या भिंतींवर पुष्कळ गव्हर्नरांचीं व सेनापतींचीं संगमरवरी स्मारकें आहेत. जोनाथन डंकनच्या स्मारकावर तर काशी व काठेवाड येथील बालहत्या बंद केल्याचा उल्लेखही आहे. रामा कामाठीचें स्मरण वाळकेश्वरीं करावें लागतें.

पुढच्या शंभर वर्षांत देवालयाभोवती दाट वस्ती झाली. तटाला जो पश्चिमेचा दरवाजा होता तो या चर्चवरून ओळखला जाऊं लागला, आणि आज तेथें चर्चही नाहीं व गेटही नाहीं, तरी रोज लाखों लोक चर्चगेट स्टेशनावर उतरतात! देवालयाच्या पूर्वेस मोकळें मैदान होतें, त्याला मुंबईचें ग्रीन म्हणत. घांटावरून व गुजराथेंतून आलेला कापूस या मैदानांत गांठोड्यांनीं रचला जाई, तेथेंच त्याचें वजन होई व सौदे ठरत. पावसाळा उतरल्यावर प्रार्थनेला जाणाऱ्या मडमांना कापसाच्या गंजींतून वाट काढावी लागत असावी. सन 1803 ची मोठी आग कोटाच्या उत्तर भागांतील एतद्देशीयांच्या वस्तींत भडकली, तेव्हांपासून दाट वस्तींत कापसाचे ढीग ठेवण्याची धास्ती वाढली. आणि 1844 मध्यें कापसाचा बाजार कुलाब्यास हलविला. मैदान मोकळें झालें तें असें, कीं त्यावर नारळाच्या करवंट्या व कचरा पडूं लागला. वस्तीच्या मधली जागा बाजारानें सोडली आणि बागेनें घेतली नाहीं, तर तिची काय गत होते याचा हा चांगला मासला आहे.

मधल्या काळांत देवालयाचा दर्जा वाढला. सन 1837 मध्यें टॉमस कार हे मुंबईचे पहिले बिशप झाले व चर्चचें कॅथीड्रल झालें. दर्जा वाढला म्हणजे उंची वाढवावी असें माणसाला वाटतेंच. 1838 मध्यें पश्चिमेच्या बाजूस जुन्या बुटक्या घंटाघराच्या जागीं उंच मनोरा चढला व त्यावर घड्याळ बसलें. त्या घड्याळाचा उपयोग प्रार्थनेला येणाऱ्यांपेक्षां बाजारपेठेलाच अधिक झाला असेल.

आतां तिसरी खेप. सन 1861 मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि सगळ्या जगाची नजर मुंबईकडे वळली. येथूनच आमचा खानदेश पुन्हा या कथेंत येतो. खानदेशची काळी जमीन, नव्यानें आलेला आगगाडीचा रस्ता, आणि ॲशबर्नर साहेबांसारख्या कलेक्टरनें हिंगणघाटी बियाण्यासाठीं धरलेला हट्ट, या तिहींच्या योगानें येथला कापूस झपाट्यानें मुंबईकडे वाहूं लागला. तोंपर्यंत फैजपुरासारख्या गांवाचा लौकिक सूत रंगविण्यांत होता. आमच्या येथील रंगारी नीळ व आल वापरून छापील कापड करीत. विसाव्या शतकाच्या आरंभींसुद्धां रंगाऱ्यांचीं अडीचशें कुटुंबें येथें नांदत असल्याची सरकारी नोंद आहे. परंतु युद्धाच्या त्या चार वर्षांत भाव होता तो रंगविलेल्या लुगड्याला नव्हे, सरकी काढलेल्या कापसाला. मुंबईला या अवधींत आठ कोटी पौंडांच्या घरांत जादा पैसा मिळाला, असा हिशेब केला जातो.

एवढा पैसा एकाएकीं आला म्हणजे शहराला आपलें अंग अपुरें वाटूं लागतें. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनीं कोटाच्या भिंती पाडावयास काढल्या. पोलीस कमिशनर फोर्जेट यांच्या कल्पनेवरून त्या कचऱ्याच्या मैदानाचें एल्फिन्स्टन सर्कल झालें. त्यालाच आपण आतां हॉर्निमन सर्कल म्हणतों. भोवतीं एकसारख्या कमानींच्या इमारती, मध्यें बाग, असा तो बेत; आणि त्याच्या पश्चिम कडेला जुनें, ठेंगणें, जाड भिंतींचें कॅथीड्रल. नव्या कपड्यांच्या लग्नांत जुनें धोतर नेसून बसलेल्या आजोबांसारखें तें दिसूं लागलें असल्यास नवल नाहीं. त्याचें नूतनीकरण करावें असें ठरलें, आणि जेम्स ट्रबशॉ या शिल्पज्ञानें गॉथिक पद्धतीचा मोठा आराखडा केला. पूर्वेकडची वेदीची बाजू लांबवून उंच करावयाची व मागाहून सगळ्या देवालयालाच नवें रूप द्यावयाचें, असा तो मनोरथ होता.

या योजनेचा आम्हांस जो विशेष वाटतो तो हा, कीं हजारांचें देऊळ आंखणाऱ्या आँजियरची चूक ही नव्हे. आतां माणसें होतीं. परंतु माप घेतलें तें माणसांचें नव्हे, तेजींतल्या पैशाचें. पूर्वेची बाजू बांधून झाली ती 1865 च्या सुमारास. आणि त्याच वर्षाच्या वसंतांत अमेरिकेंतील युद्ध संपल्याची बातमी मुंबईस आली. कापसाचा भाव कोसळला, बॅकबे कंपनीचे भाग रद्दीच्या किमतीला आले, पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. बाँबे बँकही पुढें मोडली. प्रेमचंद रायचंदांसारख्यांची जेथें ही स्थिति, तेथें चर्चच्या वर्गणीदारांना कोण विचारतो? आराखड्याचा उरलेला भाग कागदावरच राहिला.

देवालयाच्या दारापुढील कारंजें मात्र उभें राहिलें. त्याचा नकाशा लंडनचे नामांकित शिल्पज्ञ सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि पैसा कावसजी जहांगीर रेडिमनी या पारशी गृहस्थाचा. रामा कामाठी दाराशीं उभा राहिला होता. कावसजींनीं दाराशीं पाणी दिलें. परधर्मीयाच्या देवळाला हात लावावयाचा तर दारापर्यंतच, ही मर्यादा दोघांनींही सांभाळली, आणि घेणाऱ्यांनींही ती ओळखून दान पदरांत घेतलें, हें आम्हांस सभ्यपणाचें लक्षण वाटतें. आजकाल वस्तींत कोणाचेंही देवालय वाढूं लागलें कीं प्रथम कोर्टकचेरीची भाषा निघते. तेथें ही जुनी रीत आठवली तर बरें.

खानदेशच्या शेतकऱ्यांनीं हें चर्च वाढविलें, असें आमचें म्हणणें नाहीं. वर्गणीच्या यादींत त्यांचीं नांवें असण्याचें कारणच नव्हतें. परंतु ज्या भरतीनें ती यादी फुगली ती भरती आमच्या काळ्या रानांतून निघाली होती, आणि ओहोटी लागली तेव्हां ती प्रथम याच रानांत लागली. तेजीच्या काळांत नागपुराकडे बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या गोष्टी सांगतात. पुढें भाव उतरले तरी वाढविलेला संसार व काढलेलें कर्ज उतरलें नाहीं. पुणें व नगर जिल्ह्यांत 1875 मध्यें सावकारांच्या वह्या जळाल्या, त्याच्या कारणांत कापसाची ही मंदीही गणली जाते. मुंबईचा अर्धा राहिलेला आराखडा निदान एका कपाटांत गुंडाळून ठेवतां आला. शेतकऱ्याचा आराखडा त्याच्या दारांत उघडा पडला.

मोठ्या समुदायासाठीं बांधण्याची एक निराळी रीत आमच्या गांवानें 1936 मध्यें पाहिली आहे. खेड्यांत भरलेलें राष्ट्रसभेचें तें पहिलें अधिवेशन. त्या डिसेंबरांत टिळकनगर उभारलें तें शिल्पज्ञ म्हात्रे व चित्रकार नंदलाल बोस यांनीं. सामान म्हणाल तर या भागांतला बांबू, गवत, चटया, आणि कारागीरही बहुतेक येथलेच. हजारों माणसें आलीं, नगर भरलें, आणि काम होतांच तें उकलून ठेविलें. कायमच्या उपासनास्थानाला हा मार्ग चालणार नाहीं हें उघड आहे, तरी मापाचा विचार निघाला म्हणजे आम्हांस आँजियरच्या पंधरा फूट भिंतींबरोबर तें टिळकनगरही आठवतें.

सेंट थॉमसचें देवालय आजही उपासनेंत आहे. त्याच्या जीर्णोद्धाराला 2004 मध्यें युनेस्कोचें आशिया-प्रशांत विभागाचें पारितोषिक मिळालें. तुम्ही कधीं आंत गेलांत तर मनोऱ्याखालून सरळ पूर्वेकडे चालत जा. प्रथम कॉबच्या काळचा साधा, रुंद सभामंडप लागतो. भिंती जाड, कारण त्या काळीं मुंबईवर तोफा रोखणारे शेजारी पुष्कळ होते. त्याच्या पलीकडे ट्रबशॉच्या टोंकदार कमानी व रंगीत कांचा सुरू होतात. दोहोंच्या मधला सांधा कोणींही झांकलेला नाहीं. तेजी जेथें येऊन थांबली ती जागा तेथें उभें राहून नेमकी दाखवितां येते.