बिडाचे नक्षीदार रेडिएटर

थंड हवामानाच्या देशांत घर उबदार ठेवण्यासाठी तळघरातल्या बॉयलरची वाफ किंवा गरम पाणी ज्यातून खेळवतात, असे बिडाचे पोकळ उपकरण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिल्या महायुद्धापर्यंत युरोप व उत्तर अमेरिकेत त्यावर वेलबुट्टी, पाने-फुले व वलये उठावात ओतली जात. आज जुने रेडिएटर म्हणून जे जपले आणि विकले जातात, ते बहुतेक याच काळातले असतात.

शोधाचे श्रेय एकाच माणसाला देणे योग्य नाही. प्रशियात जन्मलेल्या फ्रांझ सान गाली यांनी सेंट पीटर्सबर्गमधील आपल्या कारखान्यात १८५५च्या सुमारास असे उपकरण बनवले. रशियात तेच जनक मानले जातात. समारा शहरात २००५मध्ये रेडिएटरचे स्मारकही उभे राहिले. त्यात वरच्या खिडकीच्या कट्ट्यावर एक मांजर ऊब घेत बसले आहे. अमेरिकेतला प्रवाह स्वतंत्र होता. जोसेफ नेसन यांनी लंडनमध्ये एंजियर मार्च पर्किन्स यांच्याकडे गरम पाण्याच्या नळांचे तंत्र आत्मसात केले होते. १८६३मध्ये त्यांनी रॉबर्ट ब्रिग्ज यांच्यासह पेटंट घेतले. त्या रचनेत बिडाच्या बैठकीवर घडीव लोखंडाच्या उभ्या नळ्या आट्यांनी बसवलेल्या होत्या. १८७०च्या दशकात नेल्सन बंडी यांचा ‘बंडी लूप’ हा रेडिएटर लोकप्रिय झाला. पुढे वेगळी बैठक गेली आणि एकसारखे पोकळ खंड शेजारी शेजारी जोडण्याची पद्धत रूढ झाली. खोली मोठी असेल तर खंड वाढवायचे, लहान असेल तर कमी करायचे, इतके ते सोपे झाले.

नक्षीचे मूळ वाळूच्या साच्यात आहे. कुशल कारागिराने मूळ पॅटर्नवर नक्षी एकदा कोरली की त्यावरून शेकडो साचे दाबता येतात. त्यामुळे साध्या खंडाला आणि वेलबुट्टीच्या खंडाला लागणाऱ्या मजुरीत फारसा फरक राहत नाही. लाकडात किंवा दगडात असे होत नाही. तिथे प्रत्येक पाकळी नव्याने कोरावी लागते. वाळूची अटही मात्र कडक आहे. पॅटर्न वर उचलताना साचा ढासळू नये म्हणून प्रत्येक कडेला उतार हवा आणि आत वळलेली खाच कुठेच चालत नाही. म्हणून या नक्षीचा उठाव उथळ आहे आणि तिच्या कडा मऊ आहेत. पोकळी राखायला साच्याच्या आत वाळूचाच कोअर ठेवतात. तो जरा सरकला तर एका बाजूची भिंत पातळ होते आणि रेडिएटर पुढे तिथेच गळतो.

नक्षीची गरज घराच्या बदलातून आली. दिवाणखान्याचे मध्यवर्ती स्थान शतकानुशतके शेकोटीचे होते. आग तळघरात गेली आणि खिडकीखाली कारखान्यातला वाटावा असा नळ्यांचा गठ्ठा उभा राहिला. तो पाहुण्यांसमोर शोभावा म्हणून उत्पादकांनी रोकोको वळणे आणली. १९००च्या आसपास आर्ट नूव्होच्या लवचिक रेषा आल्या. सुट्या खंडावरची वेल अपुरी वाटते. दहा-बारा खंड ओळीने उभे राहिले की तीच वेल लय धरते. चांगल्या नक्षीकाराने ही पुनरावृत्ती आधीच जोखलेली असते आणि उत्तम रेडिएटर ओळखण्याची खरी खूण हीच आहे. निव्वळ गर्दी केलेली नक्षी कितीही बारीक असली तरी ओळीत गढूळ दिसते.

१८९२मध्ये डेट्रॉइट व बफलोच्या तीन कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन रेडिएटर कंपनी झाली. तिचा ‘रोकोको’ नमुना आजही सहज आढळतो. पुढे फ्रान्समधील डोल आणि इंग्लंडमधील हल येथेही तिचे कारखाने निघाले. बीस्टन बॉयलर ही इंग्लंडमधील, तर लोलार येथील बुडेरुस ही जर्मनीतील नावाजलेली नावे. खास कामांसाठी खास रूपे होती: गोलसर खिडकीत बसणारे वक्र रेडिएटर, जेवणाच्या खोलीसाठी ताटे गरम ठेवणारे दारांचे कपाट सामावलेले आणि रुग्णालयांसाठी गुळगुळीत, भिंतीपासून बिजागरीवर फिरवून मागची धूळ पुसता येणारे.

धूळ हाच नक्षीवरचा मोठा आक्षेप ठरला. आरोग्याविषयीची जागरूकता वाढली तशी सपाट, बारीक नळ्यांची रूपे पसंत पडू लागली. पुष्कळ घरांत रेडिएटर जाळीदार आवरणामागे दडवले गेले. अशी आवरणे रेखाटणारे रेमंड हूड पुढे अमेरिकन रेडिएटर कंपनीच्या न्यूयॉर्कमधील काळ्या-सोनेरी इमारतीचे (१९२४) वास्तुशिल्पी झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे हलके रेडिएटर आले आणि बिडाचे ओतकाम मागे पडले.

वाफेवर चालणाऱ्या रेडिएटरच्या दर चौरस फूट पृष्ठभागातून ताशी २४० बीटीयू उष्णता मिळते असे प्रमाण मानतात. गरम पाण्यासाठी ते साधारण १५० धरतात. उष्णतेचा मोठा वाटा खंडांमधून वर चढणाऱ्या हवेबरोबर खोलीत जातो आणि उरलेली किरणांनी पसरते. चंदेरी किंवा सोनेरी धातुरंगाने किरणांचा वाटा घटतो; पण परिणाम फक्त सर्वांत वरच्या थराचा असतो, म्हणून त्यावर साधा रंग दिला तरी भागते. जुने थर खरवडताना शिशाच्या रंगाची काळजी घ्यावी लागते. आत साचलेले पाणी गोठले तर ठिसूळ बीड तडकते आणि ती भेग सहज सांधता येत नाही. विकत घेताना खंड कुठे जोडले आहेत ते आधी पाहावे. फक्त तळाशी जोडलेला रेडिएटर वाफेसाठीचा असतो. वर-खाली दोन्हीकडे जोड असेल तरच पाणी त्यातून नीट फिरते. वाफेचा नक्षीदार रेडिएटर हौसेने आणून गरम पाण्याच्या नळाला जोडला, तर त्याचा बराचसा भाग थंडच राहतो.