राजाचं घर

पुण्यात बाजीराव रोडच्या गर्दीतून आत वळलं की राजा केळकर संग्रहालय लागतं. नावावरून पुष्कळांना ते एखाद्या संस्थानिकाचं वाटतं. कॉलेजात असताना मलाही तसंच वाटे. हा राजा म्हणजे दिनकर केळकरांचा मुलगा. सातव्या वर्षी गेला. त्याच्या नावानं बापानं राहत्या घरात हे सगळं उभं केलं.

दिनकरराव (१८९६–१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहीत. चष्म्यांचं दुकान होतं. १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला लागले ते आयुष्यभर. पत्नी कमलाबाईंची साथ होती. वस्तूंची संख्या वीस हजारांवर गेली. जागेअभावी त्यातल्या थोड्याच मांडता येतात.

इतिहास म्हटला की आपल्याला तलवारी आठवतात. त्या इथंही आहेत. पण माझे पाय थबकतात ते दिवे, दौती, कुलपं, अडकित्ते यांच्यापाशी. सुपारी कातरायची ती काय, पण अडकित्ता घोड्याच्या आकाराचा, पोपटाच्या आकाराचा! टाच घासायच्या वज्रीवरसुद्धा पाखरं बसवलेली. घडवणारा कासार होता की तांबट, हिंदू की मुसलमान, काही कळत नाही. तेही अज्ञातवासीच.

वरच्या मजल्याकडे जाताना मस्तानी महाल लागतो. बाजीरावांनी १७३४ साली कोथरूडला मस्तानीसाठी महाल बांधला होता. त्याचे अवशेष आणून हे दालन सजवलं आहे. लहानपणी वर्गातली मुलं मला ‘तुमची मस्तानी’ म्हणून चिडवत. तिचा मुलगा समशेरबहाद्दर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढला आणि त्यातच गेला, हे तेव्हा मला ठाऊक असतं तर उत्तर देता आलं असतं. त्या नक्षीदार लाकडाखाली उभा राहिलो की ते उत्तर अजून ओठांवर येतं. ऐकायला मात्र आता ती मुलं नसतात.

आमच्या घरी अम्मीचं पितळी पानदान होतं. मी शाळेत असताना थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी ते मोडीत गेलं. दुकानदारानं तराजूत टाकलं, वजनाचे पैसे दिले. वेलबुट्टीचा हिशेब त्यात नव्हता. अम्मी काही बोलली नाही; पानं मात्र नंतर बरेच दिवस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवत असे.

त्या पानदानाच्या झाकणाला एक पोचा होता. संग्रहालयात गेलो की पानाच्या डब्यांची झाकणं मी एकदा निरखून घेतो.