इंजिनाचा उच्छ्वास कुणाच्या नाकात?

आजचा भाग एका नळीबद्दल आहे. अंगठ्याएवढी जाड, गाडीच्या खाली लपलेली. पण तिच्यामागे युद्ध आहे, धुरकं आहे आणि एक मोठा खटलाही आहे.

१९५०च्या दशकातल्या अमेरिकन हायवेचे फोटो कधी झूम करून बघा. प्रत्येक लेनच्या मधोमध एक काळपट पट्टा दिसेल. टायरचा म्हणावा तर टायर दोन्ही कडेला चालतात, मध्ये नाही. तो पट्टा तेलाचा आहे. लाखो गाड्यांनी थेंब थेंब टाकत काढलेला.

हे तेल यायचं कुठून? सिलेंडरमध्ये स्फोट झाला की सगळा वायू पिस्टनला ढकलत नाही. थोडा रिंगांच्या फटीतून खाली निसटतो आणि क्रँककेसमध्ये, म्हणजे जिथे इंजिन ऑइल असतं तिथे, जाऊन बसतो. पुस्तकात याला ब्लो-बाय म्हणतात. आपले मेकॅनिक म्हणतात, 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय.' नव्या कोऱ्या इंजिनातही हे थोडं होतंच. या वायूत न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आम्ल तयार करणारे घटक असतात. तो आतच कोंडला तर दाब वाढतो, ऑइल सील गळायला लागतात आणि तेलाचा चिखल होतो. म्हणून त्याला वाट करून द्यावीच लागते.

जुनी वाट सोपी होती. क्रँककेसमधून एक नळी खाली रस्त्याकडे सोडायची आणि तिचं तोंड तिरकं कापायचं. गाडी धावू लागली की तोंडापाशी हवेचा दाब कमी होतो आणि आतला वायू ओढला जातो. ताजी हवा ऑइल भरायच्या झाकणातल्या जाळीतून आत येते. इंग्रजीत हिला रोड ड्राफ्ट ट्यूब म्हणत. स्वस्त, हलणारा एकही भाग नाही. पण सिग्नलला गाडी थांबली की ओढ संपली. आणि जे काही बाहेर पडायचं ते सरळ रस्त्यावर आणि हवेत.

दुसऱ्या महायुद्धात या नळीची वेगळीच अडचण झाली. लष्करी गाड्यांना ओढे आणि किनाऱ्यावरचं पाणी ओलांडायचं होतं. खाली तोंड केलेली उघडी नळी म्हणजे इंजिनात पाणी शिरायला रस्ताच. म्हणून ती वाट बंद करून क्रँककेस एका व्हॉल्व्हमार्फत इनटेक मॅनिफोल्डला जोडली. इंजिनाची स्वतःची ओढच तो वायू खेचून घ्यायची आणि पुन्हा जाळून टाकायची. यालाच आज आपण पीसीव्ही म्हणतो. विलीज जीपवरही असा व्हॉल्व्ह होता. म्हणजे १९४०च्या दशकातच उपाय हातात होता, रणांगणावर वापरूनही झाला होता. युद्ध संपलं आणि साध्या गाड्या नळीवरच राहिल्या. ग्राहक मागत नव्हता, मग कोण कशाला बसवेल?

आता चला लॉस एंजेलिसला. जुलै १९४३मध्ये तिथे एवढं दाट धुरकं पसरलं की काहींना जपानने विषारी वायू सोडला असं वाटलं. डोळे चुरचुरायचे, घसा जळायचा. कारखान्यांवर बोट दाखवून झालं. मग कॅलटेकमधल्या आरी हागेन-स्मित या डच वंशाच्या शास्त्रज्ञाने यात लक्ष घातलं. गृहस्थ मूळचा अननसाच्या वासावर काम करणारा! १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिलं की हे धुरकं हवेतच शिजतं. गाड्या आणि रिफायनऱ्यांतून निघालेले हायड्रोकार्बन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि वर कडक ऊन. झाली भट्टी तयार.

केनेथ हान हे लॉस एंजेलिस काउंटीचे लोकप्रतिनिधी. १९५३पासून त्यांनी डेट्रॉइटच्या कंपन्यांना पत्रांमागून पत्रं लिहिली. फोर्डकडून आलेल्या उत्तराचा सूर असा होता, की गाड्यांचा धूर हवेत पटकन विरून जातो, काळजी नसावी. पुढे त्या दशकाच्या अखेरीस मोजमाप झालं आणि कळलं की गाडीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनचा साधारण पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नाही, तर खालच्या त्या नळीतून येतोय.

आणि त्याचं औषध युद्धातूनच तयार होतं. १९६१ साली कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांवर पीसीव्ही आला, १९६३पासून अमेरिकेत सगळीकडे. मधली दोन वर्षं का गेली? १९६९मध्ये अमेरिकी सरकारने मोठ्या वाहन कंपन्यांवर आणि त्यांच्या संघटनेवर खटला भरला. आरोप असा, की प्रदूषण रोखणारी साधनं आणायला उशीर करायचा असं यांनी आपसात ठरवलं होतं. खटला सुनावणीविना तडजोडीत मिटला. कंपन्यांनी दोष मान्य केला नाही, पण पुढे असं संगनमत करणार नाही हे बंधन स्वीकारलं.

आता हे सगळं आज का सांगतोय? कॅलिफोर्नियातल्या एका मराठी श्रोत्याचा मेसेज आला. त्याने डॅटसन २४०झेड घेतली आहे. सहा सिलेंडर, २.४ लिटर. मूळचे दोन कार्बोरेटर काढून तीन वेबर ४० डीसीओई बसवतोय. प्रश्न एका ओळीचा: 'दादा, पीसीव्हीची नळी आता कुठे लावू?'

प्रश्न भारी आहे. मूळ गाडीत दोन कार्बोरेटरच्या मागे एक समाईक नळी असते, बॅलन्स ट्यूब. सहाही सिलेंडरची ओढ तिथे एकत्र येते आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह तिथेच बसतो. इंजिन आयडलला असताना ओढ जोरात असते, तेव्हा व्हॉल्व्ह वाट आवळतो. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी आणि ब्लो-बाय जास्त, तेव्हा तो वाट मोकळी करतो. बॅकफायर झाला तर बंद होऊन ज्वाळेला क्रँककेसमध्ये जाऊ देत नाही. चाळीस-पन्नास ग्रॅमच्या तुकड्यात एवढी अक्कल!

तीन वेबरमध्ये मात्र सहा सिलेंडरना सहा स्वतंत्र घसे. समाईक जागाच उरत नाही. प्रत्येक घशात ओढ धडधडत येते-जाते. एकाच घशाला नळी जोडली तर तेवढ्याच सिलेंडरमध्ये जादा हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि वर प्लग तेलकट.

मग लोक काय करतात? दोन्ही तोंडांना छोटे फिल्टर लावून मोकळे होतात. दिसतं छान. पण आता आत ओढ नाही, वारा खेळत नाही. वाफ तिथेच थिजते आणि ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर जमतो. थोडे शहाणे लोक कॅच कॅन लावतात. रेसिंगमध्ये तर उघड्या ब्रीदरला टाकी लागतेच. एफआयएच्या नियमात २००० सीसीपर्यंत किमान २ लिटर, त्यापुढे ३ लिटर. पण ती टाकी ट्रॅकवर तेल सांडू नये म्हणून आहे. तेल अडतं, वायू सुटतोच. म्हणजे हजारो डॉलर खर्चून आपण परत १९५०च्या नळीवर येतो.

मी त्याला दोन वाटा सांगितल्या. एक, वेबरवर बंद एअरबॉक्स बसव आणि तेल गाळणाऱ्या कॅनमधून ब्रीदरची नळी त्यात सोड. ओढ बेताची, पण वायू जळतो. दुसरी जास्त मेहनतीची. सहाही घशांतून बारीक नळ्या काढून एका छोट्या पेटीत आण आणि पीसीव्ही तिथे बसव. धडधड विरते, भार सहांत वाटला जातो. आयडल मात्र नव्याने जुळवावं लागेल, कारण पीसीव्ही म्हणजे मोजून मापून ठेवलेली गळतीच असते.

त्यावर त्याचं म्हणणं, 'पण इथे १९७५पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग चेक नसतो. कुणी बघणार नाही.' बरोबर आहे. आपल्याकडेही पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्येच घालतो. ब्रीदरमधून काय सुटतंय हे तो बघत नाही. नव्या गाडीची क्रँककेस बंद आहे की नाही हे मंजुरीच्या वेळी तपासतात, पुण्यात टेकडीला जिचं नाव पडलंय ती एआरएआय अशाच चाचण्या करते. त्यानंतर गाडी आपल्या हातात.

डेट्रॉइटचाही हिशोब तोच होता. ग्राहक मागत नाही, कायदा विचारत नाही, मग चालू दे. फरक एवढाच, की तेव्हा तो निर्णय चार कंपन्यांच्या हातात होता. बोनेट उघडून पाना हातात घेतला, की तो तुमच्या-माझ्या हातात येतो.

श्रोत्याने सहा नळ्यांची पेटी करायला घेतली आहे. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर आज ऑइलचं झाकण उघडा, खालचा थर बघा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!